एक सिम्फनी, तीन कंडक्टर: ब्राम्सची चौथी कशी ऐकावी

ख्याल ऐकणाऱ्यांना एक सवय असते. बंदिश ओळखीची निघाली की त्यांचं लक्ष बंदिशीवरून गायकावर जातं. हा समेवर कसा येतो, मुखडा कुठून उचलतो, कुठे थांबतो? पाश्चात्त्य सिम्फनी ऐकताना मात्र आपण ही सवय घरी ठेवून येतो. ‘ब्राम्स ऐकला’ असं म्हणतो, कुणाचा ब्राम्स ते विचारत नाही. खरं तर प्रश्न तोच असतो. फरक इतकाच की इथे प्रत्येक स्वर कागदावर आधीच लिहिलेला असतो, आणि कंडक्टर स्वतः एकही स्वर वाजवत नाही. मग त्याचं म्हणून काय उरतं?

माझ्या मते उरतात ते सांधे. एक कल्पना संपून दुसरी सुरू होते ती जागा, लय बदलते ती जागा, किंवा कागदावर काहीच न बदलता सगळं बदलल्यासारखं वाटतं ती जागा. सरासरी लय किंवा ‘भावपूर्ण’ वादन यापेक्षा सांध्यांकडे कान लावला तर दोन ध्वनिमुद्रणांतला फरक नवख्यालाही ऐकू येतो. तो कसा पकडायचा हे एकाच कृतीवर दाखवतो: योहानेस ब्राम्सची चौथी सिम्फनी, ई मायनर.

हीच का?

एक कारण भावनिक, एक व्यावहारिक. भावनिक कारण मी सांगत बसत नाही, पहिल्या अर्ध्या मिनिटात कळेल. व्यावहारिक असं की ब्राम्सच्या पहिल्या तिन्ही सिम्फनींच्या पहिल्या भागात सुरुवातीचा मोठा तुकडा पुन्हा वाजवण्याचं चिन्ह आहे. काही कंडक्टर ते पाळतात, काही गाळतात. त्यामुळे मिनिटांची तुलना फसवी ठरते. चौथीत ते चिन्हच नाही. सगळे तेवढंच वाजवतात. शिकायला याहून सोयीची सिम्फनी शोधून सापडणार नाही.

ती ब्राम्सने 1884 आणि 1885च्या उन्हाळ्यांत ऑस्ट्रियातल्या म्युर्झुश्लाग या गावी लिहिली. पहिला प्रयोग 25 ऑक्टोबर 1885 रोजी मायनिंगन इथे झाला, स्वतः ब्राम्सच्या संचालनाखाली. कंडक्टर हान्स फॉन ब्यूलोने घडवलेला तिथला ऑर्केस्ट्रा जेमतेम पन्नास जणांचा होता. हा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागेल.

त्यानंतरची एक गोष्ट तर आपल्या विषयाची किल्लीच आहे. 1886च्या जानेवारीत व्हायोलिनवादक मित्र योझेफ योआकिम बर्लिनमध्ये ही सिम्फनी बसवत होता. ब्राम्सने त्याला कळवलं की लयीतले काही बदल मी स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र लिहिलेल्या प्रतीत, पेन्सिलने लिहिले आहेत. ऑर्केस्ट्राला कृती नवी असते तेव्हा त्यांचा उपयोग होतो, पण छापील प्रतीत त्यांना जागा नाही. म्हणजे कागदावर नसलेली लयीची लवचिकता खुद्द रचनाकाराला माहीत होती आणि हवीही होती, पण ती कायमची गोठलेली नको होती. पेन्सिलीच्या त्या खुणा आपापल्या परीने पुन्हा काढणं हे तेव्हापासून प्रत्येक कंडक्टरचं काम होऊन बसलं आहे.

तयारी

तीन ध्वनिमुद्रणं घ्या, जास्त नकोत. दहा घेतलीत तर कान बोथट होतात आणि ऐकण्याची स्पर्धा होते.

पहिलं विल्हेल्म फुर्टवेंगलरचं, बर्लिन फिलहार्मोनिक, ऑक्टोबर 1948, प्रत्यक्ष मैफलीतलं. 1944च्या बॉम्बवर्षावात ऑर्केस्ट्राचं स्वतःचं सभागृह जमीनदोस्त झालं होतं, म्हणून ही मैफल टिटानिया-पालास्ट नावाच्या चित्रपटगृहात झाली. मोनो आवाज, श्रोत्यांचा खोकला, सगळं त्यात आहे. दुसरं ओटो क्लेंपररचं, लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबर 1956-57मध्ये स्टुडिओत केलेलं. तिसरं कार्लोस क्लायबरचं, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, 1980, डॉइच ग्रामोफोन कंपनीसाठी केलेलं सुरुवातीच्या काळातलं डिजिटल ध्वनिमुद्रण. क्लायबर वाजवायला मोजक्या कृती घेई आणि स्टुडिओत त्याहूनही कमी जाई. ब्राम्सची स्टुडिओत केलेली ही त्याची एकमेव सिम्फनी.

ॲपवर शोधताना कंडक्टर, ऑर्केस्ट्रा आणि वर्ष असं तिन्ही टाका. फुर्टवेंगलरची याच सिम्फनीची 1943ची युद्धकाळातली मैफलही फिरत असते आणि मुखपृष्ठावर बहुधा पुनर्प्रकाशनाचं वर्ष असतं. गाण्यांमध्ये आपोआप एकात एक मिसळण्याची सोय असेल तर ती बंद करा, इक्वलायझरही बंद. सगळ्यात महत्त्वाचं, तिन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्या. जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला ‘जास्त उत्कट’ वाटतं, आणि ही फसवणूक भल्याभल्यांची होते. हेडफोन किंवा स्पीकर, जे असेल ते तिन्हींसाठी एकच ठेवा.

स्कोअर इंटरनेटवर मोफत मिळतो, कारण कृती कधीच प्रताधिकारमुक्त झाली आहे. स्टाफ नोटेशन वाचता येत नसेल तरी पहिली दोन पानं डोळ्यांपुढे ठेवा. किती वाद्यं एकाच वेळी काय करत आहेत, हे चित्र म्हणून दिसलं तरी पुरे.

आधी एकच, आणि मुकाट्याने

तुलना लगेच सुरू करू नका. आठवडाभर फक्त क्लायबर ऐका, चारही भाग, सुमारे चाळीस मिनिटं. चाली तोंडात बसायला हव्यात. बंदिश पाठ नसताना गायकाने काय बदललं हे कसं कळणार?

पाठ करायला मदत म्हणून थोडी स्वरलिपी देतो. ईला षड्ज माना. सुरुवातीची चाल अशी येते: प ग॒, सा ध॒, म रे, नि प. दोन-दोन स्वरांच्या जोड्या, एक खाली झुकणारी, पुढची वर जाणारी, जणू उसासा टाकणारी. कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद म्हणजे हे सरळ कीरवाणीचे स्वर आहेत. हा राग आहे असं मी म्हणत नाही. चलन वेगळं, हेतू वेगळा, आणि खाली सुरावटींचं आख्खं जाळं चालू असतं. पण सा-रे-ग-म वर वाढलेल्या कानाला पकडायला एवढा हात पुरतो.

दुसरा भाग हॉर्नच्या जोडीवर उघडतो: सा रे॒ ग॒ सा, कोमल रिषभ, भैरवीच्या थाटाचा. थोड्याच वेळात तंतुवाद्यं बोटांनी छेडली जातात, वर क्लॅरिनेट येतात आणि शुद्ध गंधार उजाडतो. तिसरा भाग दणक्याचा, ट्रँगलच्या किणकिणाटासह. ब्राम्सच्या चारही सिम्फनींत ट्रँगल फक्त इथेच आहे. चौथ्या भागाबद्दल नंतर सविस्तर.

पहिला सांधा: सुरुवात

आता तिन्ही ध्वनिमुद्रणांची पहिली तीस सेकंदं लागोपाठ ऐका. फक्त तीस. मग पुन्हा.

फुर्टवेंगलरकडे पहिला पंचम कुठून सुरू झाला ते सांगता येत नाही. तो शांततेतून पाझरतो, रेंगाळतो आणि मग चाल हळूहळू चालायला लागते. षड्ज लावून गायक अजून पुढे गेलेला नाही, तसं काहीसं. क्लायबरकडे त्याच स्वराला मागचापुढचा विचार नाही. आपण दार उघडलं तेव्हा गाणं आधीपासूनच चालू होतं, असं वाटतं. क्लेंपरर चालीइतकंच लक्ष तिच्या खालच्या हालचालीकडे आणि मध्ये उत्तर देणाऱ्या फुंकवाद्यांकडे देतो. उसासा कमी, बांधकाम जास्त.

कागदावर मात्र तिघांपुढे तेच आहे: हळू आवाज, ‘फार जलद नको’ एवढीच लयीची सूचना. म्हणून स्वतःला विचारायचं ते हे: पहिला स्वर दुसऱ्यापेक्षा लांबला का? लांबला तर किती? आणि तीच चाल पुढे परत येते तेव्हा तिला पुन्हा तशीच लांबी मिळते का? पुन्हा मिळत नसेल तर ती लांबी प्रवेशापुरती होती. दर वेळी मिळत असेल तर ती कंडक्टरची लकब. दोन्हींत फरक आहे, आणि लकबीचा कंटाळा लवकर येतो.

मिनिटं मोजा, पण विश्वास ठेवू नका

पहिल्या भागात 440 मापं आहेत, प्रत्येकात दोन मोठे ठोके. एकूण 880. ट्रॅकच्या मिनिटांनी 880ला भागा की दर मिनिटाची सरासरी लय मिळते. भाग पावणेतेरा मिनिटांचा असेल तर उत्तर साधारण 69 येतं.

गंमत अशी की क्लायबर आणि फुर्टवेंगलर दोघांचाही हा भाग तेराच्या आतबाहेरच संपतो. सरासरी जवळपास सारखी, अनुभव दोन ध्रुवांवर! आता फोनवर टाळीने लय मोजणारं कुठलंही मेट्रोनोम ॲप घ्या आणि चार ठिकाणी बोटाने ठोके द्या: अगदी सुरुवातीला, सुमारे दीड मिनिटावर, जिथे फुंकवाद्यांची तुतारीसारखी ललकार येते आणि मागोमाग चेलो-हॉर्नची रुंद चाल, सात मिनिटांच्या पुढेमागे, आणि शेवटच्या मिनिटात. आलेले आकडे वहीत लिहा. क्लायबरचे आकडे सरासरीच्या आसपास घुटमळतील. फुर्टवेंगलरचे वर-खाली पळतील, आणि शेवटी तर तुमच्या बोटाला धाप लागेल.

हा आकड्यांचा खेळ एकदाच करा. त्याचा उपयोग एवढाच की ‘फुर्टवेंगलर संथ, क्लायबर जलद’ असली ऐकीव विधानं डोक्यातून जातात.

दुसरा सांधा: परतीची जागा

पहिल्या भागातली माझी सर्वांत आवडती जागा साधारण सात ते साडेसात मिनिटांवर येते. मधली सगळी घुसळण निवली आहे. आता सुरुवातीची चाल परत येणार, हे कान ओळखतो. ब्राम्स ती आणतोही, पण ओळखू येणार नाही अशी. तेच स्वर, प ग॒ सा ध॒, फुंकवाद्यांवर, अत्यंत हळू आवाजात, ताणून लांब केलेले. मध्ये तंतुवाद्यांची एक धूसर लाट. पुन्हा काही लांब स्वर, पुन्हा लाट. मग अचानक आपण मूळ चालीच्या मधोमध असतो, जणू काही घडलंच नाही.

इथे स्कोअरमध्ये लय बदलण्याची सूचना नाही. स्वर लांब आहेतच, मग लयही सैल करायची का? फुर्टवेंगलर करतो. काळ थिजल्यासारखा होतो आणि मूळ लय कधी परतली ते कळत नाही. क्लायबर ठोका आतून चालू ठेवतो. लांब स्वरांखाली तुमचा पाय हलत राहू शकतो, आणि चाल परतते तेव्हा आपण झोपेत चालत होतो की काय असं वाटतं. मला इथे क्लायबर जास्त पटतो, कारण ब्राम्सने लांबवणं आधीच लिहून ठेवलं आहे. लिहिलेल्या मंदपणावर आणखी मंदपणा म्हणजे बासुंदीत वरून साखर. फुर्टवेंगलरचे चाहते माझ्याशी भांडतील, खुशाल भांडोत. याच भागाच्या शेवटी, जिथे चाल आणि मंद्र वाद्यं एकमेकांचा पाठलाग करतात, तिथे फुर्टवेंगलर लय अशी वाढवत नेतो की टिंपनीचे, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांचे, अखेरचे ठोके अंगावर कोसळतात. त्या दीड मिनिटापुढे मी निमूट होतो.

कंडक्टरचं काय आणि ऑर्केस्ट्राचं काय

दुसऱ्या भागाकडे जाताना ही गफलत टाळायला हवी. क्लायबरच्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीच्या हॉर्नचा रंग गडद, किंचित खडबडीत आहे. ते श्रेय निव्वळ क्लायबरचं नाही. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक जुन्या घडणीचा व्हिएन्नी हॉर्न वाजवतात. त्यांची ओबोही वेगळी. क्लेंपररकडे पहिली व्हायोलिनं डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसलेली आहेत, त्यामुळे हेडफोनवर दोन्हींचे संवाद कानाच्या दोन बाजूंना ऐकू येतात. ही मांडणी मात्र क्लेंपररने जाणीवपूर्वक धरून ठेवलेली, म्हणजे ती त्याच्या अर्थलावणीचाच भाग. फुर्टवेंगलरच्या मोनो आवाजात असं काही शोधू नका. सभागृह, मायक्रोफोन, वाद्यांची घडण हे वजा करून जे उरतं ते कंडक्टरच्या खात्यावर मांडायचं. वजाबाकी कधीच बिनचूक होत नाही, पण करायची.

या भागात ऐकायची जागा एकच सांगतो. चेलोंवर आलेली कोमल, रुंद चाल भागाच्या उत्तरार्धात सगळ्या तंतुवाद्यांवर भरगच्च होऊन परत येते. तिथे कंडक्टर ओतप्रोत वाहून जातो की आतला आवाज ऐकू येईल एवढी हवा ठेवतो, ते पाहा. लयीची सूचना ‘मध्यम चालीची’ आहे, विलंबित नाही. अनेकजण तिला विलंबित करून टाकतात.

तिसऱ्या भागावर थांबत नाही. मध्ये एकदा वेग जरासा उतरून हॉर्नचा शांत तुकडा येतो. तो ‘जरासा’ किती, एवढं पाहिलं की झालं.

तिसरा सांधा: लेहऱ्यावरचा शेवट

चौथा भाग आपल्याला जितका जवळचा वाटायला हवा तितका कुणी करून देत नाही. तबल्याचं एकल वादन ऐकलं असेल तर लेहरा माहीत आहेच. हार्मोनियम किंवा सारंगी एकच सुरावट फिरवत राहते आणि तिच्यावर तबला कायदे, रेले, चक्रधार मांडतो. ब्राम्सने नेमकं असंच काहीसं केलं. आठ मापांची सुरावट: सा रे ग॒ म म॑ प, मग खालचा प, आणि सा. दर मापाला एक स्वर. मूळ कल्पना बाखच्या 150 क्रमांकाच्या कँटाटाच्या (गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) शेवटच्या भागातली. तीव्र मध्यम ब्राम्सने आपल्या पदरचा घातला. ही सुरावट एकदा मांडून झाली की तिची आणखी तीस आवर्तनं होतात (खालचे क्रमांक त्यांचे, पहिली मांडणी सोडून) आणि शेवटी वेगवान समारोप. फरक असा की इथे लेहरा कधी वर असतो, कधी तळाशी, कधी मधल्या आवाजात लपलेला.

पहिल्यांदा फक्त आवर्तनं मोजा. हाताच्या बोटांवर आठ मापं, मग पुढचं. चुकाल, परत सुरू करा. मी कितीतरी वेळा विसाव्या आवर्तनाच्या आसपास हरवलो आहे. अखेर लेहरा सोडून बासकडे, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुरांकडे, कान लावला तेव्हा कुठे टिकलो.

मोजता आलं की खरी परीक्षा. बाराव्या आवर्तनाला, साधारण अडीच मिनिटांवर, सगळं निवतं आणि एकटा फ्लूट गाऊ लागतो. मापात तीन मात्रा होत्या, त्या आता सहा होतात. ब्राम्सने स्पष्ट लिहिलं आहे की मात्रेची लांबी तीच ठेवायची. म्हणजे आवर्तन दुप्पट लांब, लय तीच. आपल्या भाषेत ठाय. आता पाहा, तुमचा कंडक्टर मात्रा तशीच ठेवतो की तीही सैल सोडतो? फार थोडेजण अक्षरशः पाळतात, कारण तसं केलं तर फ्लूटवादकाला श्वासाची उसंत मिळत नाही. आणि फार सैल सोडलं तर आवर्तनाची आठवणच पुसली जाते, फ्लूटचं एक सुंदर सुटं गाणं तेवढं उरतं. या दोन्हींच्या मध्ये कुठे उभं राहायचं हा निर्णय म्हणजे कंडक्टरची अख्खी भूमिका.

पुढची तीन आवर्तनं शुद्ध गंधारात उजळतात. पहिल्या तीन भागांत गप्प बसलेले ट्रॉम्बोन इथे प्रार्थनेसारखे घुमतात. आणि मग सोळाव्याला लेहरा मूळ रूपात, मूळ लयीत आदळतो. इथे हातातला मेट्रोनोम पुन्हा काढा. भागाच्या पहिल्या आठ मापांची लय आणि या आठ मापांची लय जुळते का? जुळली तर कंडक्टरने सगळा भाग एका श्वासात धरला होता. जुळली नाही तर घाईने चुकलं म्हणू नका. फुर्टवेंगलरसाठी सोळावं आवर्तन हे मधल्या शांततेला दिलेलं उत्तर आहे, पहिल्याची प्रत नव्हे.

पुढे काय ऐकायचं

तिघं नीट बसले की चौथा घ्यावा. जॉन एलियट गार्डिनरचं 2008च्या मैफलींतलं ध्वनिमुद्रण, आतड्याच्या तारांच्या व्हायोलिनांसह. किंवा चार्ल्स मॅकेरसचं, जवळपास मायनिंगनच्या आकाराच्या छोट्या ऑर्केस्ट्राचं. तो जेमतेम पन्नासचा आकडा इथे लागतो. फुंकवाद्यं आणि तंतुवाद्यं यांचं वजन बदलतं आणि आधी कधी न ऐकलेले मधले आवाज वर येतात. उलट दिशेला जायचं तर फेलिक्स वाइनगार्टनरचं 1938चं लंडनमधलं ध्वनिमुद्रण आहे. वाइनगार्टनरने संचालन केलेली ब्राम्सची दुसरी सिम्फनी स्वतः ब्राम्सने ऐकून वाखाणली होती. त्या काळच्या वादकांची एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची रीत ऐकली की मींड हा केवळ आपला मक्ता नव्हता हे कळतं.

ऐकताना वहीत विशेषणं लिहू नका. ‘भव्य’, ‘हळुवार’ यांतून महिन्याने काही आठवत नाही. मिनिट-सेकंद आणि काय झालं तेवढं लिहा: ‘7:20, लांब स्वर, ठोका चालू’. ‘2:30, फ्लूट, मात्रा सैल’. अशा आठ-दहा ओळी झाल्या की तिघांची स्वभावचित्रं आपोआप उभी राहतात. मग एखाद्याला डोळे मिटून ओळखून बघा. घरच्या कुणाला तरी कुठलंही ध्वनिमुद्रण मधूनच लावायला सांगा.

हे सगळं जमलं की ब्राम्सच्या तिसऱ्या सिम्फनीकडे वळा. तिचे चारही भाग शांतपणे संपतात, त्यामुळे शेवटाकडे नेण्याचा प्रश्न तिथे अगदी वेगळा होतो. पण तिच्या पहिल्या भागात ते पुन्हा वाजवण्याचं चिन्ह आहे, तेव्हा मिनिटं जपून मोजा.